धबधब्याचा ओटा

एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात एक बाई सव्वीस वर्षं मुख्य होत्या. रोज चारशे माणसांचं जेवण, आणि त्यातलं निम्मं पथ्याचं. कुणाला मीठ नको, कुणाला साखर नको, कुणाला चावता येत नाही, कुणाला काहीच आवडत नाही. हे सगळं त्या आवाज न चढवता, नुसत्या एका भुवईवर पार पाडायच्या. हाताखालच्या लोकांनी त्यांचं नाव कॅप्टन ठेवलं. ते इतकं चिकटलं की पुढे घरातही नवरा आणि सासूबाई त्यांना कॅप्टनच म्हणू लागले.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की आपल्या स्वतःच्या स्वयंपाकघराकडे आपण कधी धड पाहिलेलंच नाही. भिंतीलगत एक अरुंद ओटा. वरच्या कपाटांची दारं उघडायची तर आधी जरा उचलून धरायची. आणि मधोमध एक लाकडी टेबल, त्याच्या एका पायाखाली कायम घडी घातलेला कागद. कॅप्टननी ठरवलं, हे बदलायचं. सिंक, कपाटं, दिवे, सगळं एका दुपारी पक्कं झालं. फरशी चांगली होती, ती तशीच ठेवायची. टेबल काढून त्या जागी चारही बाजूंनी फिरता येईल असा मधला ओटा घालायचा, सुताराच्या भाषेत आयलंड. सुतार मापं घेऊन गेला. घोडं अडलं ते फक्त त्या मधल्या ओट्याच्या कडेवर.

त्याचं असं झालं की कॅप्टन नळ आणायला एका मोठ्या दुकानात गेल्या होत्या. दारातून शिरल्याबरोबर डावीकडे नमुन्याचं स्वयंपाकघर मांडलेलं होतं आणि त्यात एक दगडी ओटा. वरचा दगड कडेपर्यंत यायचा, पण तिथे थांबायचा नाही. तसाच वळून सरळ जमिनीपर्यंत खाली उतरायचा, दोन्ही टोकांना. दगडातली पांढरी शीरसुद्धा वरून वाहत येऊन कडेवरून खाली ओघळल्यासारखी दिसत होती. दुकानातली मुलगी म्हणाली, ह्याला वॉटरफॉल एज म्हणतात, हल्ली खूप चालतं. कॅप्टननी वरून हात फिरवत कडेपर्यंत नेला आणि कडेवरून खाली. मग मागे सरून पाहिलं. मग वाकून पाहिलं. अर्धा तास गेला. घरी आल्या त्या नळाशिवाय.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी हे घरात सांगितलं. घरात तिघंच. सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी, गुडघे कुरकुरणारे, कान मात्र तिखट आणि जीभ कानांहून.

"मला नीट समजू दे," सासूबाई म्हणाल्या. "आयलंड म्हणजे बेट. वॉटरफॉल म्हणजे धबधबा. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात एक बेट येणार आणि त्या बेटावरून धबधबा पडणार. मग होडी कोण आणतंय?"

त्या दिवसापासून घरात त्या गोष्टीचं नाव धबधबाच पडलं.

कॅप्टनचे यजमान घड्याळजी. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. आयुष्य तांदळाच्या कणीपेक्षा लहान चाकांमध्ये गेल्यामुळे माणूस सावकाश आणि नेमका झाला होता. त्यांनी आधी कागदावर ओट्याचं चित्र काढून घेतलं, मग पेन्सिलीचं टोक बाजूच्या उभ्या दगडावर ठेवलं आणि विचारलं, "हा करतो काय?"

कॅप्टन म्हणाल्या, करतो काय म्हणजे?

घड्याळजींचं म्हणणं असं, की वरचा दगड कपाटांवर टेकलेला असतो, म्हणजे बाजूचा दगड वजन पेलत नाही. त्यात काही ठेवता येत नाही, त्याच्यावर काही चिरता येत नाही. दगड जवळजवळ दुप्पट लागतो आणि तो नुसता उभा राहतो. "माझ्याकडे येणाऱ्या कुठल्याही घड्याळात असा एक भाग दाखव, जो नुसता उभा असतो."

"तुमच्या मनगटावर बघा," कॅप्टन म्हणाल्या. "तबकडीवर ती बारीक लाटांची नक्षी आहे. ती वेळ दाखवते का?"

घड्याळजींनी मनगट वर करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, विचार करतो. त्यांच्या भाषेत ह्या दोन शब्दांचा अर्थ दोन दिवसांपासून दीड वर्षापर्यंत काहीही होऊ शकत असे, आणि कॅप्टनना ते चांगलंच ठाऊक होतं.

पण ह्या वेळी ते फार ताणलं गेलं नाही. पुढच्याच रविवारी घड्याळजी फ्रिजची तीन रिकामी खोकी डोक्यावर घेऊन घरी आले. घेण्याआधी राहून पाहू, म्हणाले. टेबल मागच्या खोलीत सरकवलं. त्याच्या जागी आत जुन्या पेट्या रचल्या, वर सुताराकडून मागून आणलेली प्लायची फळी टाकली आणि दोन्ही टोकांना पुठ्ठा कापून जमिनीपर्यंत उभा केला. मापं मिलिमीटरपर्यंत खरी. वरून खाली ओघळणारी शीरही त्यांनी पेन्सिलीने काढली. ती दुधाच्या पातेल्यातून उतू गेल्यासारखी दिसत होती, आणि कॅप्टन इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं.

आठ दिवस ह्या पुठ्ठ्याच्या ओट्यावर संसार चालला. कॅप्टननी त्यावर कणीक मळली, भाजी चिरली, भांडी वाळत घातली. मिक्सरसाठी बटण कुठे बसवायचं हा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला, कारण बाजूच्या दगडात भोक पाडणं म्हणजे धबधब्याच्या पोटात खिडकी. ते कपाटाच्या पुढच्या अंगाला, वरच्या कडेखाली घ्यायचं ठरलं. केराची बादली दिसेनाशी झाली, हा फायदा. घड्याळजींनी दोनदा पायाचं बोट आपटून घेतलं, हा तोटा, पण पुठ्ठा असल्याने तोटा पुठ्ठ्याचाच झाला. बाहेरच्या दारातून येताना समोर ती उतरती बाजू दिसायची. नुसता खोक्याचा पुठ्ठा, त्यावर फ्रिजच्या कंपनीचा उलटा बाण, तरी कॅप्टन प्रत्येक वेळी आत येताना क्षणभर थबकायच्या. घड्याळजींनी ते दोनतीनदा पाहिलं आणि सहाव्या दिवशी आपणहून म्हणाले, चल, खरा दगड बघून येऊ.

दगडाचं आवार गावाबाहेर होतं. लांबच लांब शेड, त्यात उभ्या कलत्या ठेवलेल्या शिळांच्या रांगा, आणि एका टोकाला पाण्याच्या फवाऱ्यात चालणारी करवत. सगळीकडे करडा चिखल. मालक स्वतः पाथरवट, साठीचा, दाराएवढा रुंद. त्या करवतीच्या आवाजाने त्याचा एक कान खाल्ला होता, त्यामुळे तो साधं "या, बसा" सुद्धा डोंगरापलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं म्हणायचा.

कॅप्टननी पर्समधून लिंबू काढलं. पाथरवट बघत राहिला. त्यांनी पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा एक तुकडा मागून घेतला, त्यावर लिंबू पिळलं, दहा मिनिटं थांबल्या आणि रुमालाने पुसलं. जिथे रस पडला होता तिथली चकाकी गेली होती. कॅप्टननी तुकडा परत केला. पाथरवट एवढा खूश झाला की त्याने करवत बंद करायला लावली आणि सगळ्या कामगारांना ओरडून सांगितलं की गिऱ्हाईक असं असावं, लिंबू घेऊन आलं आहे. मग तो त्यांना मागच्या रांगेत घेऊन गेला. तिथे हिरवट करड्या रंगाची एक शिळा होती. कोरडी असताना ती अगदीच गरीब दिसत होती. पाथरवटाने मगभर पाणी तिच्यावर मारलं आणि एक पांढरी शीर ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जागी झाली. लिंबाने तिचं काही वाकडं झालं नाही. तेलानेही नाही. कॅप्टननी फक्त मान हलवली, पण ती मान हलवण्याची पद्धत घड्याळजींना माहीत होती. शिळा ठरली होती.

आता घड्याळजी पुढे झाले. दगड वळत तर नाही, मग वरचा आणि बाजूचा जोडता कसा, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पाथरवटाने आतून नमुन्याचा एक कोपरा आणून त्यांच्यापुढे ठेवला. दोन तुकडे तिरके कापून एकमेकांना भिडवलेले, मध्ये दगडाच्याच रंगाचा चिकट मसाला. जोड कुठे आहे ते दाखवा, म्हणाला.

घड्याळजींनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. आवारातले चारपाच कामगार काम सोडून जवळ आले. पुढचे दोन तास एक माणूस ओरडत होता आणि दुसरा कुजबुजत होता, आणि दोघांचं उत्तम जमलं होतं. करवतीचं पातं काडेपेटीच्या काडीएवढा दगड खातं, म्हणून शीर कधीच शंभर टक्के जुळत नाही, हे घड्याळजींना कळलं. चांगला कारागीर काप अशा जागी घेतो जिथे शीर सरळ चालली आहे, म्हणजे उडी कमी दिसते. बाजूचा तुकडा लगेच शेजारचाच घ्यावा लागतो. टोकदार कडेचा टवका उडतो, म्हणून ती केसभर मारून घ्यायची असते, केसभरच, जास्त मारली तर जोड दिसतो. घड्याळजी प्रत्येक गोष्टीला "अच्छा" म्हणत होते, आणि प्रत्येक "अच्छा" आधीच्यापेक्षा लांब होत होता. कॅप्टन एका उलट्या पेटीवर बसून होत्या आणि उरलेलं लिंबू हुंगत होत्या.

परतीच्या वाटेवर गाडीत घड्याळजींचं बोलणं थांबेना. दोन्ही बाजू करायच्या, म्हणाले. एकच करणं म्हणजे अर्धवट काम. चार जोड होतील की दोन? दोन. दोन्ही त्यांना स्वतः उभं राहून बघायचे होते. कॅप्टन खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजी दुकानात गेल्यावर कॅप्टन मागे कपडे वाळत घालत होत्या. चिमटे संपले म्हणून त्या मधूनच आत आल्या, आणि दारातच थांबल्या.

सासूबाईंची एक जागा होती. मधल्या टेबलाचं खिडकीकडचं टोक. तिथे त्यांची उंच खुर्ची असायची. खालून उठताना गुडघे दुखतात म्हणून सुताराने खास करून दिलेली, पाय टेकायला आडवी पट्टी असलेली. रोज सकाळी तासभर त्या तिथे बसून रेडिओ ऐकत घरासाठी भाजी निवडायच्या. ते काम त्यांनी कुणालाही करू दिलं नव्हतं. आताही त्या तिथेच बसल्या होत्या, पण तिरक्या. टोकाला पुठ्ठ्याची भिंत आल्यामुळे पाय आत घालायला जागाच उरली नव्हती. त्यांनी वाडगं मांडीत घेतलं होतं आणि प्रत्येक मूठभर शेंगांसाठी त्या कमरेतून वळून ओट्यापर्यंत हात पोचवत होत्या. पुठ्ठ्यावर, गुडघ्यांच्या उंचीला, दोन गोल खड्डे पडले होते.

कॅप्टननी विचारलं, केव्हापासून असं बसताय.

सासूबाई म्हणाल्या, मांडीत वाडगं बरं वाटतं, ऊब येते.

शेंगांच्या वाडग्याची कसली ऊब. आमटीत मीठ चिमूटभर कमी असलं तर ज्या पहिल्या घासाला सांगतात, पंखा एक घर वाढवला तर ज्या दुसऱ्या खोलीतून ओरडतात, त्या बाई आठ दिवस तिरक्या बसल्या होत्या आणि चकार शब्द काढला नव्हता. कॅप्टनना तिथे उभं राहवेना. त्या चिमटे न घेताच परत मागे गेल्या आणि एकच चादर तीनदा झटकून वाळत घातली.

संध्याकाळी घड्याळजी आले ते हातात एक कागद घेऊन. दुपारी त्यांनी तिरक्या जोडाचं चित्र काढलं होतं, मोठं करून. ते दाखवायच्या आत कॅप्टननी सांगून टाकलं, धबधबा नको. साधा ओटा करू, चारी बाजूंनी कड मोकळी.

घड्याळजींना आधी वाटलं, चेष्टा आहे. मग वाटलं, पैशांचं काही असेल. त्यांनी समजावायला सुरुवात केली: दगड एकदाच घ्यायचा असतो, हाताने केलेलं असं काम आता कुठे बघायला मिळतं, तो माणूस अजून दोनचार वर्षंच करवतीवर उभा राहणार. कॅप्टन ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पण तो बाजूचा दगड करतो काय?"

"प्रत्येक गोष्टीने काहीतरी केलंच पाहिजे असं आहे का?" घड्याळजी म्हणाले.

बोलून झाल्यावर दोघांनाही हसू आवरेना. दहा दिवसांत त्यांनी आपापली बाजू जशीच्या तशी एकमेकांना देऊन टाकली होती, शब्दांसकट.

हसणं ओसरल्यावर घड्याळजींनी तो कागद बाजूला ठेवला. "एक विचारू? तुला ते मुळात हवं का होतं, हे तू मला सांगितलंच नाहीस. मी विचारलंही नाही. मी फक्त दगड काय करतो ते विचारत बसलो."

पुठ्ठ्यावरच्या पेन्सिलीच्या शिरेवरून कॅप्टन बोट फिरवत होत्या.

"इस्पितळात काही मागवायचं तर एक अर्ज असायचा," त्या म्हणाल्या. "वस्तूचं नाव, संख्या, आणि शेवटी एक रकाना: कशासाठी. सव्वीस वर्षं मी तो रकाना भरला. डाव कशासाठी, चाळणी कशासाठी, दुसरी चाळणी कशासाठी. तक्रार नाही माझी, तिथे तसंच पाहिजे. पण त्या दिवशी दुकानात तो दगड खाली उतरताना पाहिला आणि वाटलं, ह्याचा रकाना मला भरताच येणार नाही. एवढंच. म्हणून हवा होता."

घड्याळजी म्हणाले, "मग तो हवाच."

"आणि आईंचे गुडघे?"

घड्याळजींना काही कळलं नाही. कॅप्टननी त्यांना पुठ्ठ्यावरचे दोन खड्डे दाखवले आणि सकाळचं सगळं सांगितलं. एका चाकाचा अर्धा दात झिजला तर ज्यांना दिसतो, त्या माणसाला आपल्या आईचे गुडघे आठ दिवस दिसले नव्हते. त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज आला. "माझे गुडघे माझ्यापाशीच आहेत. त्यांच्याबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा."

मागोमाग काठीचा टकटक आवाज आणि सासूबाई. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाव कापायची सुरी. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी खिडकीकडच्या पुठ्ठ्यात सुरी घातली आणि वरून खाली ओढायला लागल्या. घड्याळजी धावले. उरलेलं त्यांनी कापून दिलं. भिंत पडली, आतल्या पेट्या दिसू लागल्या. सासूबाईंनी दोन पेट्या आत सरकवायला सांगितल्या, खुर्ची ओढायला लावली, तीवर बसल्या आणि पाय आत घालून पाहिले. मग काठीने दाराकडच्या दुसऱ्या टोकाकडे दाखवलं, जिथे पुठ्ठा अजून उभा होता.

"हे टोक माझं. ते टोक हिचं. ह्यात दोन्ही बाजूंना हवा कशाला तुमचा धबधबा? नदीला तरी दोन्हीकडून पडतो का?"

कॅप्टन त्यांच्याजवळ गेल्या. "तुम्ही आधी का नाही बोललात?"

सासूबाईंनी सुरी ओट्यावर ठेवली. आवाज जरा खाली आला. "ह्या घरात आल्यापासून तू स्वतःसाठी पहिल्यांदा काही मागितलंस. मी काय त्याच्यात गुडघे घालू?"

कॅप्टननी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. घड्याळजी उगाचच पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करू लागले.

अशा रीतीने ठरलं. दाराकडे दगड जमिनीपर्यंत उतरणार. खिडकीकडे तो कपाटांच्या दीड वीत पुढे येऊन थांबणार, खाली मोकळी जागा. सुताराने एक कपाट लहान केलं. पाथरवट स्वतः येऊन माप घेऊन गेला, आणि जाताना एकच जोड असल्याबद्दल त्याने घड्याळजींचं ओरडून सांत्वन केलं.

दगड आला त्या दिवशी सहा माणसं लागली. वरचा दगड बसला, पाणसळ लावली, बुडबुडा बरोबर मध्ये. मग बाजूचा दगड उभा करून भिडवला. वरचा जोड असा बसला की कामगारांनीही कौतुकाने माना हलवल्या. पण खाली, दाराकडच्या कोपऱ्यात, दगड आणि फरशी ह्यांच्यामध्ये फट होती. सात मिलिमीटर. माप घेताना तिथे काढलेलं एक जुनं कपाट आणून ठेवलेलं होतं आणि पाथरवटाने ते हलवायचा कंटाळा केला होता. फरशी नेमकी त्या कपाटाखाली उतरती होती.

इतका वेळ गरजणाऱ्या पाथरवटाने वाकून फट पाहिली. मग पहिल्यांदाच आवाज न चढवता म्हणाला, चूक माझी आहे, दगड परत नेतो, नवा कापतो. एक कामगार म्हणाला, मसाल्याने भरून टाकू, कुणाला कळणार नाही. पाथरवटाने मसाल्याचा डबा त्याच्या हातातून काढून घेतला.

कॅप्टननी भुवई वर केली. इस्पितळात ऐन वेळी बॉयलर बंद पडला की त्या असंच करायच्या. त्यांनी सुताराला विचारलं, कपाटांच्या खाली फिरवायचे पाय आहेत ना, ते किती खाली जातात. सुतार म्हणाला, बोटभर. मग पाथरवटाला विचारलं, दगडाचा तळ फरशीच्या उतारासारखा घासता येईल का. पाथरवट म्हणाला, येईल, पण रेघ तंतोतंत हवी, आणि आज माझ्या हाताचा मला भरवसा नाही.

सगळ्यांनी घड्याळजींकडे पाहिलं.

घड्याळजींनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि फरशीवर पोटावर झोपले. डोळ्याला भिंग, एका हातात पेन्सिल, पेन्सिलीखाली लाकडाची चपटी पट्टी. ती पट्टी फरशीवरून सरकवत त्यांनी दगडावर फरशीचा उतार जसाच्या तसा उतरवला. वीस मिनिटं लागली. मध्ये सासूबाई येऊन म्हणाल्या, लहानपणी असाच झोपून मुंग्या बघायचा. बाहेर अंगणात पाथरवटाने दगड घासला, आत आणून लावला, परत बाहेर नेला. तीनदा. तोवर सुताराने कपाटांचे पाय एकेक आटा फिरवून ओटा खाली घेतला. चौथ्या वेळी दगड बसला तेव्हा घड्याळजींनी वर्तमानपत्राचा कागद खालून सरकवून पाहिला. कागद आत जाईना. पाथरवटाने त्यांना मिठी मारली आणि कानात काहीतरी म्हणाला. निदान त्याच्या मते ते कानात होतं. गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांनी ऐकलं की असा जोडीदार त्याला तिशीत भेटायला हवा होता.

आता ओट्याला पाच महिने झाले. शेजारच्या बसचालक बाईंना घराचं काम काढायचं आहे, त्या परवा टेप घेऊन आल्या आणि त्यांनी सरळच विचारलं, खरं सांगा, एवढ्या खर्चाचं आहे का ते. कॅप्टननी खरं तेच सांगितलं. फरशी पुसताना तळाशी पाण्याची रेघ उठते, ती वेगळी पुसावी लागते. हिवाळ्यात पोटरीला गार लागतं. बोट आपटलं तर पुठ्ठ्यासारखा पुठ्ठा नाही, दगड आहे. लहान घरात दोन्ही बाजू करू नयेत. आणि तुमच्याकडे कोण कुठे बसतं ते आधी आठ दिवस बघा. हे सगळं सांगताना त्यांचा हात कडेवरून खालीवर फिरत होता. बसचालक बाईंनी तो हात पाहिला आणि पाथरवटाचा पत्ता लिहून घेतला.

घड्याळजी चौतीस वर्षं दुपारचं जेवण दुकानातच करत आले होते, कामाच्या टेबलावर, चाकं आणि स्क्रू एका बाजूला सारून. ओटा बसल्यावर दुसऱ्या आठवड्यात एक दिवस ते दुपारी घरी आले. चष्मा विसरला, म्हणाले. दुसऱ्या दिवशी भिंग विसरलं. तिसऱ्या दिवशी कारण सांगायचं राहूनच गेलं. तेव्हापासून ते रोज बरोबर एक वाजता येतात. खिडकीपाशी त्यांची आई पाय आत घालून बसलेली असते, मध्ये कॅप्टन पातेलं उतरवतात, आणि दाराकडच्या टोकाला, जिथे दगड खाली उतरतो, तिथे जोडावरून अंगठा फिरवत, उभ्या उभ्याच घड्याळजी पहिला घास खातात. बसा म्हटलं तर म्हणतात, बसतो, जरा थांब.